मिक्सर

मिक्सर पाहिजे म्हटल्यावर कावेरी म्हणाली,
आहे की माळ्यावर जुना, भांडं तेवढं गळतं.
मी तळहातावर तिला दाखवला:
नखाएवढा पत्र्याचा डबा, आठ पाय,
आत चार डायोड रिंगण धरून,
आणि दोन बारक्या कड्या, केसासारख्या तारेनं गुंडाळलेल्या.
ह्यात वाटायचं काय?
एक चारशे चौतीस. एक आठशे छत्तीस.
ती कुळीथ निवडत होती. बरं, म्हणाली.

शहापुरात माझं टीव्ही रिपेअरचं दुकान होतं.
पिक्चर ट्यूब गेल्या, मागोमाग दुकान गेलं,
हॅमचं लायसन्स राहिलं.
बसलिंग हुक्केरी धारवाड आकाशवाणीतून रिटायर.
त्याचं गणित कन्नड शाळेतलं: कूडु, कळे.
माझं मराठी शाळेतलं: मिळवा, वजा करा.
कागद एकच, निपाणीच्या तंबाखूच्या पावतीचा पाठकोरा.
मिळवले तर बाराशे सत्तर,
वजा केले तर चारशे दोन.
बाराशे सत्तर आपलं.
चारशे दोनच्या आसपास हवामानाचे फुगे बोलतात,
वर वारा किती, ओल किती,
त्यांच्यात आपण तोंड घालायचं नाही.
पण मिक्सर विचारत बसत नाही तुम्हाला कुठलं हवंय.
दोन्ही देतो,
आणि मूळची दोन्हीही थोडी थोडी गळतात,
माळ्यावरच्या भांड्यासारखी.
म्हणून पुढं फिल्टर: पितळेच्या पाच कांड्या,
उद्यमबागेत भरमा कंग्राळकरनं लेथवर काढलेल्या,
पाळी संपल्यावर, फुकट,
"काय की बाबा तुमचं" म्हणत.

मग तीन आठवडे काम बंद.
कारण पाटी.
रिपीटरनं मधून मधून आपलं नाव दाखवायला हवं.
कुठल्या लिपीत?
तो म्हणाला, वर कन्नड. मी म्हणालो, वर मराठी.
पडद्यावर सहाशे पंचवीस ओळी,
आणि खालची ओळ कुणालाच नको.
त्यानं फोन ठेवला. त्याच्या आधी मी ठेवला होता.
शेवटी भरमा म्हणाला, पट्टे दाखवा की रंगाचे,
नाव मोर्समध्ये वाजू दे,
कुईं कुईंला वर काय न् खाली काय.

पौषात येळ्ळूरच्या गडावर चढलो,
भरमाच्या टेम्पोची बॅटरी आळीपाळीनं खांद्यावर.
तिकडं खानापुरात मिंगेल सोझ
गच्चीवर कॅमेरा लावून, मफलर बांधून.
चालू केलं.
नुसत्या मुंग्या.
बसलिंगनं मीटर लावला: ऑसिलेटरचा जोर कमी,
सात पाहिजेत, येतायत दोन,
डायोड उघडतच नाहीत,
पहाटेच्या वॉचमनसारखे, एक डोळा मिटून.
एक जोड थंड निघाला.
माझ्या हातचा.
चाळीस वर्षं लोकांचे थंड जोड शोधून
पैसे घेतलेल्या हाताचा.
मी बोललो नाही. तोही नाही.
टॉर्च धरला त्यानं, वाऱ्यात न हलवता.

मुंग्यांत आधी एक सावली, मग कड, मग रंग.
"बंतु," तो ओरडला. "आलं," मी.
एकदमच. टेम्पोपाशी उभ्या भरमाला
त्यातलं काय ऐकू गेलं, त्यालाच माहीत.

हात होता. मिंगेलचा.
त्याचंच चित्र गडावरनं फिरून
त्याच्या घरच्या टीव्हीवर परत पोचलं होतं,
आणि तो आम्हाला रिपोर्ट देत होता, पंजा उघडून:
पी-फाईव्ह, स्वच्छ.
हातामागं टीव्ही, टीव्हीत हात,
त्यामागं पुन्हा टीव्ही, लहान लहान होत.

पण कौलांच्या प्रेसमध्ये
मिंगेलची करंगळी अर्धी गेलेली.
बसलिंग वही काढून आकडा लिहायला लागला.
साडेचार लिही, मी म्हटलं, नीट बघ.
त्यानं बघितलं, बराच वेळ,
आणि लिहिलं काहीतरी, कन्नड आकड्यांत.
मला ते आकडे वाचता येतात.
मी बॅटरीची वायर गुंडाळत राहिलो.